चौथा मजला, लिफ्ट नाही

९ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. खोकला गेला. घराला रंग द्यायला हवा, अजून दिलेला नाही. नोकरी आहे तीच आहे, दोन वर्षं उरली. तुझं कसं चाललंय हे विचारायचा हक्क मी घालवून बसलोय, तरी विचारतो. गुडघे कसे आहेत? सामान अजून दोरीला पिशवी बांधूनच वर ओढतेस का?

तू म्हणाली होतीस, ‘ज्याला माझे चार मजले चढवत नाहीत, त्याने मला फोन करायचा नाही.’ पावणेदोन वर्षं मी ते पाळलं. पत्राचं तू काही बोलली नव्हतीस. पळवाट आहे, मान्य.

आणखी एक मान्य करून टाकतो. हे पत्र मी मायेपोटी लिहायला घेतलेलं नाही. व्यायामापोटी घेतलंय.

आमच्या लिफ्ट कंपनीतल्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी माझे कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि एका फिजिओबाईंकडे पाठवलं. माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘काका, आजवर काय काय करून झालंय?’

मी यादी सांगितली. पळणं, एकोणीस दिवस. दोरीवरच्या उड्या, खालच्या मजल्यावरचे भांडायला आले तोवर. व्यायामशाळा, अकरा दिवस. घरात सायकल आहे, तिच्यावर शर्ट वाळतात.

‘आणि दर वेळी काय ठरवलं होतंत?’

‘की या खेपेला सोडायचं नाही.’

‘मग या खेपेला काही ठरवू नका. तुम्ही ठरवण्यातच दमता. दात घासायचं ठरवता का रोज?’

‘नाही.’

‘तरी घासता ना. तसं काहीतरी करू.’

त्यांनी विचारलं, कुणी न सांगता रोज काय करता? मी म्हटलं, चहा पितो. मग असं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं, की चहा संपला, कप धुतला, की चपला घालायच्या. चपला दाराशी ठेवायच्या नाहीत, मोरीजवळ ठेवायच्या, कपाच्या शेजारी. आणि घराजवळच्या कुठल्याही एका ठिकाणी जाऊन परत यायचं. आमच्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे. चारशे पावलं असतील.

‘तिला हात लावा आणि परत फिरा.’

‘बस्स?’

‘बस्स. जास्त चाललात तर मी रागावेन.’

चार दिवस मी पेटीला हात लावून आलो. पाचव्या दिवशी शेजारचा पेपरवाला म्हणाला, ‘काय काका, पेटीला ताप आहे का?’ रोज रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. काहीतरी टाकायला हवं होतं. कुणाला लिहावं याचा विचार केला, तर नावं फार निघाली नाहीत. एकच निघालं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पेटीपर्यंत जायचं कारण मिळालं, तेवढं पुरे.

तुझा धाकटा भाऊ,
भाऊजी ज्याला ‘सोमवार’ म्हणायचे तो


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. ‘चपलेने चालू नकोस. बूट घे.’ एवढंच. मी उलटून पाठीमागे बघितलं, कडेला काही बारीक अक्षरात आहे का तेही बघितलं. अक्षर तसंच आहे तुझं, शाळेत शिकवायचीस तेव्हाचं, फळ्यावरचं. उगाच ताठ बसल्यासारखं झालं.

बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, पळायला हवेत की चालायला? मी म्हटलं, पेटीला हात लावायला. तो हसला नाही. आता बूट मोरीजवळ असतात.

मध्ये पावसाळी हवा होती, एक दिवस गेलो नाही. पूर्वी एक दिवस चुकला की माझा कारभार आटोपायचा. आता सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे सोमवारपासून. भाऊजींनी ते बरोबर हेरलं होतं. जेवताना म्हणायचे, ‘वाढ गं त्याला, सोमवार अजून लांब आहे.’ फिजिओबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘चुकला? मग आज जा. उद्याचं उद्या.’ यात सोमवार कुठेच येत नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

लिफ्टबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, वरची मोटर सगळं वजन एकटी ओढते. तशी ओढायला लावली तर ती दोन दिवसांत जळेल. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचे ठोकळे असतात. लिफ्ट वर जाते तेव्हा ते खाली येत असतात. मोटर फक्त दोन्हींमधला फरक उचलते. पस्तीस वर्षं मी हे लोकांना समजावतोय आणि स्वतः मात्र नुसत्या मोटरीवर चढायला बघत होतो. चहाचा कप, मोरीजवळचे बूट, पेपरवाल्याची थट्टा, हे माझे ठोकळे. मोटर जुनी आहे. तिच्यावर फार टाकायचं नाही.

काम तेच. तक्रारीच्या टेबलावर बसतो. कुठे लिफ्ट अडकली की आतल्या माणसाचा फोन माझ्याकडे येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, एवढीच नोकरी. परवा एक बाई चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. म्हणाल्या, ‘मला काहीतरी करायला सांगा हो.’ मी म्हटलं, ‘काही करू नका. दार ओढू नका. फोन ठेवू नका, माणूस निघालाय.’ हेच वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो. दार ओढणाऱ्यांनाच इजा होते. त्या सुटल्या तेव्हा फोन तसाच चालू राहिला होता. बाहेर कुणी कुणी जमलं होतं, सगळे एकदम बोलत होते. मी जरा वेळ ऐकत बसलो, मग ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ब्लेड आणायला गेलो. दुकानात तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. आदल्या संध्याकाळपासून मी एक शब्द बोललो नव्हतो.

गुडघ्यांचं लिहिलं नाहीस.

तुझा,
धाकटा


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

‘गुडघ्यांचं विचारू नकोस.’ कार्ड मिळालं. विचारत नाही.

तीन आठवडे पत्र नाही, कारण तीन आठवडे पेटीला गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण तुला नाही तर कुणाला सांगू.

झालं असं की पेटीपर्यंत जाणं अंगवळणी पडलं आणि मला वाटलं, आता आपण तयार झालो. एका तारखेच्या आत मला एक गोष्ट करायची होती. तारीख कुठली ते तुला कळेल. मग ठरवलं, रोज पहाटे तासभर चालायचं आणि आमच्या इमारतीचे सात मजले पायी चढायचे. सोमवारपासून सुरू केलं. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर पायात गोळा आला. शनिवारी उठलो नाही. रविवारी बूट पलंगाखाली ढकलले. त्यानंतर चहासुद्धा ऑफिसात जाऊनच घ्यायला लागलो, कप धुवायला नको म्हणून.

फिजिओबाई म्हणाल्या, ‘काका, परत हिरो झालात का?’

‘माझ्याकडे वेळ कमी आहे.’

‘कशाला कमी आहे?’

मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, ‘मग पेटीला हात लावा. आजच.’

हे पत्र त्यासाठी.

तुझा,
सोमवार


१६ मार्च

ती. ताईस,

आज भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. मला आज तुझ्या दारात उभं राहायचं होतं. ते जमलं नाही. मग निदान जे सांगायचं राहिलंय ते सांगतो. पुढचं वाचून पत्र फाडलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

त्या सकाळी ते गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी टेबलावर होतो. मी म्हटलं, बदली माणूस मिळाला की निघतो. संध्याकाळी तुला फोन करून सांगितलं, बदली मिळाला नाही, साहेबांनी सोडलं नाही. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि मग ते चार मजल्यांचं वाक्य बोललीस.

बदली दहा मिनिटांत मिळाला होता. साहेब तर म्हणाले होते, आज परत येऊ नका. पावणेअकराला मी तुझ्या इमारतीत होतो.

पहिला मजला चढलो. दुसऱ्याला थांबलो. तुला आठवत असेल, मेकॅनिक होतो तेव्हा इमारतींच्या गच्चीवरच्या मोटरीपर्यंत मी हत्यारांची पिशवी घेऊन चढायचो. लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकला जिनाच असतो. पण त्याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं टेबल, फोन आणि खुर्ची. तिसऱ्याच्या अलीकडच्या वळणावर माझा श्वास संपला. छातीत दुखत होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दुखत काही नव्हतं. नुसता दम नव्हता. मी पायरीवर बसलो. शर्ट पाठीला चिकटला होता. म्हटलं, पाच मिनिटं बसू, तोंड पुसू, मग वर जाऊ.

तेवढ्यात वरून आवाज आला. ‘सांभाळून. वळणावर डोक्याकडची बाजू वर धरा.’

भाऊजींना खाली आणत होते.

जिना अरुंद आहे. मला उठून वर यायला हवं होतं, एक कोपरा धरायला हवा होता. माझ्याच्याने उठून वर येणं होत नव्हतं. आणि माझ्यासाठी त्यांना तिथे थांबावं लागलं असतं, एवढं मोठं ओझं हातात घेऊन, मी धापा टाकत बाजूला सरकेपर्यंत. सगळ्यांनी बघितलं असतं. तू बघितलं असतंस.

खाली उतरता येत होतं. उतरायला दम लागत नाही. मी त्यांच्या पुढे पुढे उतरलो आणि तळाशी विजेच्या मीटरची मोठी पेटी आहे तिच्या आडोशाला उभा राहिलो. चौघेजण होते. भाऊजींचा एक पाय चादरीबाहेर आला होता. सगळ्यात शेवटी तू. तुझा हात भिंतीवर होता, एकेक पायरी चाचपत उतरत होतीस. माझ्यापासून चार हातांवरून गेलीस.

मग मी ऑफिसात गेलो. एक वाजता टेबलावर होतो. एक माणूस पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकला होता. त्याला म्हटलं, फोन ठेवू नका, माणूस निघालाय.

तू संध्याकाळी टोमणा मारलास. तो किती नेमका बसला हे तुला ठाऊक नव्हतं. मी त्याच वेळी सांगू शकत होतो की ताई, खरंच चढवले नाहीत. नाही सांगितलं. तुझ्या नजरेत मी निष्ठुर ठरलो, ते मला चाललं. दमलेला ठरलो असतो ते चाललं नसतं. एवढाच हिशेब होता त्यामागे. आता लिहिताना तो फार क्षुद्र दिसतो.

भाऊजी मला सोमवार म्हणायचे ते प्रेमाने. गेल्या दोन वर्षांत मला कुणी कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही. फोनवर सगळे ‘हॅलो’ म्हणतात.

धाकटा


२७ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. सहा आठवडे झाले, कार्ड नाही. मी वाट बघत नाही असं म्हणणार नाही. घरी आलो की खालच्या पत्रपेटीत बोट घालून बघतो.

पण पेटीला जाणं चालू आहे. पत्र असो नसो. परवा चहा झाला, कप धुतला आणि पेपरवाल्यासमोर उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी निघालोय हेच मला कळलं नव्हतं. तो म्हणाला, ‘आज पेटीला हात लावला नाहीत.’ विसरलो होतो. त्याच्याशीच बोलत राहिलो. त्याच्या बायकोची पाठ दुखते.

आता दुसरी गोष्ट. गेले पाच रविवार मी तुझ्या इमारतीत येतोय. वर नाही. वर येण्याइतका अजून झालो नाही. फिजिओबाईंना शेवटी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘किती पायऱ्या?’ मी म्हटलं, मजल्याला अठरा, मधे एक वळण. त्यांनी कागदावर काहीही लिहिलं नाही. म्हणाल्या, ‘पहिल्या रविवारी कठड्याला हात लावून परत या. पुढे हळूहळू. प्रत्येक वळणावर एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोलायचं. न थांबता बोलता आलं तर पुढचं वळण. नाही आलं तर मुकाट्याने खाली.’

कुठलं वाक्य बोलावं हा प्रश्न पडला नाही. माझ्याकडे एकच पाठ आहे.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर उभा राहून म्हणत होतो, ‘फोन ठेवू नका, माणूस निघालाय’, तर तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई खाली उतरत होत्या. दातांत टाचणी होती. ती काढून म्हणाल्या, ‘कुणाकडे आलात?’

‘कुणाकडे नाही. व्यायाम करतोय.’

‘दुसऱ्याच्या जिन्यात?’

‘आमच्याकडे लिफ्ट आहे.’

त्यांनी मला निरखून बघितलं. ‘चौथ्यावरच्या बाईंचं नाक आहे तुमचं,’ म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांनी तुला काही सांगितलं असलं तर मनावर घेऊ नकोस. तुझ्यावर दडपण आणायला मी येत नाही. जिना सगळ्यांचा आहे. दार तुझं आहे.

तुझा,
धाकटा


२६ मे

ती. ताईस,

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वीच लिहायला बसलो होतो. सुरुवात कशी करावी कळेना.

चार तारखेला मी दुसरा मजला ओलांडला. पुढचं वळण तेच, जिथे त्या दिवशी बसलो होतो. तिथे स्टूल होतं.

मला वाटलं, कुणी रंगारी विसरून गेला असेल. मग पाय बघितला. एका पायाला लिफ्टच्या रुळाचा बोल्ट. तो मीच बसवला होता, तुमच्या लग्नानंतरच्या वर्षी, आणि भाऊजी म्हणाले होते, ‘आता हे स्टूल वरच्या मजल्यावर जाणार की काय.’ बोल्टला तू चिंधी गुंडाळली होतीस, नऊवार साडी त्यात अडकून फाटली होती तेव्हापासून. चिंधी नवी होती.

मी बसलो. वाक्य बोललो नाही. नियमाप्रमाणे खाली उतरलो.

पुढच्या रविवारीही ते तिथेच होतं. अठरा तारखेला ते वळणावर नव्हतं. मला वाटलं, झालं. तरी चढलो. तिसऱ्या मजल्यावर शिवणकामवाल्या बाईंच्या दाराशेजारी भिंतीला लावून ठेवलं होतं. मशीन थांबवून त्या बाहेर आल्या.

‘हे कोण आणून ठेवतं?’ मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

‘बाईच. स्वतः. मी म्हटलं मी ठेवते, तर म्हणाल्या, हात लावायचा नाही.’

‘त्यांना उतरवतं?’

‘आधी कुठे उतरवत होतं? वर्षभर पायरीला पाय लावला नव्हता. मार्चपासून रोज सकाळी एकेक करून उतरतात, परत चढतात. आधी चारच पायऱ्या. आम्हाला वाटलं, काही हरवलंय, शोधतायत.’

मार्चपासून. ताई, मी तुझ्या कार्डाची वाट बघत होतो आणि तू जिन्यात होतीस. इकडे मी चढत होतो, तिकडे तू उतरत होतीस. हे मला आधी सुचायला हवं होतं, माझा धंदाच तो.

काल स्टूल शेवटच्या वळणावर होतं. तिथून तुझं दार दिसतं. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता आणि उजेडात दोन ठिकाणी सावली होती. बराच वेळ ती हलली नाही. मी बसून होतो. मी वाक्य म्हटलं, हळू, पण न थांबता. सावली जरा सरकली आणि पुन्हा तिथेच आली.

नऊ पायऱ्या होत्या. चढू शकलो असतो. वर पोचलो असतो आणि तू दार उघडल्यावर नुसता धापा टाकत उभा राहिलो असतो, दोन वर्षांनी. ते मला नको होतं. दार उघडशील तेव्हा माझ्या अंगात बोलण्याइतका श्वास हवा. म्हणून उतरलो. पूर्वीसारखा नाही उतरलो, हे तुला ऐकू आलं असेल. मी दर मजल्यावर थांबत होतो.

हे पत्र आज टाकतो, म्हणजे शनिवारच्या आत मिळेल. एक काम कर. या रविवारी स्टूल खाली आणू नकोस. घरातच ठेव, दाराजवळ, भाऊजी बूट घालायला बसायचे तिथे. मला बसावं लागेल.

ते असते तर म्हणाले असते, बघ, सोमवार एक दिवस आधी आला.

बाकी तिथे बोलू. काही करू नकोस, स्वयंपाकाच्या खटाटोपात पडू नकोस. नुसती कडी काढून ठेव.

माणूस निघालाय.

तुझा,
सोमवार